उषाकाकूंनी खोली बदलली

गेल्या शनिवारी मी आणि उषाकाकू दादरच्या हिंदमाता मार्केटमधल्या एका दुकानात गाऊन बघत होतो. सेल्समनने एकापाठोपाठ एक करडे, तपकिरी, पुढे चेन असलेले कॉटनचे गाऊन समोर टाकले... काकूंनी सगळे बाजूला सारले.

"हे आजारी माणसांचे झाले. तो जांभळा सॅटिनचा दाखवा."

"सूनबाईंसाठी घेताय का आजी?"

"नाही हो, माझ्यासाठी. आणि आजी काय? काकू म्हणा." मग डोळे मिटून त्यांनी कापडावरून हात फिरवला. हाताला मऊ लागतोय ना, एवढंच बघायचं होतं म्हणे. सेल्समन बिल करायला पळाला आणि मी उगाच पंख्याकडे बघत राहिले.

थोडं मागचं सांगते. वृद्धाश्रमात राहणाऱ्या माणसांची जवळीक, त्यांचं लैंगिक आयुष्य, हा माझ्या रिसर्चचा विषय. दादरच्या ज्या वृद्धाश्रमात मी जाते, तिथे सुरुवातीला मी जवळिकीबद्दल विचारायचे आणि समोरून उत्तर गुडघ्यांबद्दल यायचं...

उषाकाकू मात्र वेगळ्या निघाल्या. बँकेतून रिटायर झालेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, सत्तरीच्या पुढच्या. (किती पुढच्या ते लिहायचं नाही, अशी तंबी आहे. नावं बदललीयेत, बाकी सगळं त्यांच्या परवानगीने.) पहिल्याच मुलाखतीत मी "स्पर्शाची गरज... म्हणजे भावनिक पातळीवर..." असं चाचरत होते. त्या म्हणाल्या, "अगं, सेक्सबद्दल विचारायचंय ना? मग विचार की!"

मग त्यांनीच सांगितलं. त्यांचं आणि वसंतकाकांचं जुळलं होतं. वसंतकाका म्हणजे आयुष्यभर प्रिंटिंग प्रेसमध्ये काम केलेले, कमी बोलणारे, बायको वारलेली. ते खालच्या मजल्यावर पुरुषांच्या हॉलमध्ये आणि काकू वर, बायकांच्या. भेट व्हायची ती जेवणाच्या टेबलावर, नाहीतर अंगणातल्या बाकावर... सगळ्यांच्या देखत.

दोघांना मिळून एक खोली हवी होती. लग्न नको होतं. "लग्न एकदा केलंय, चांगलं केलंय. आता सोबत हवी. आणि नुसता हात धरून बसायला खोली हवीय असंही समजू नकोस हं. बीपी नि गुडघे सांभाळून जमेल ते करू. नाही जमलं तर हसू."

वृद्धाश्रमाच्या मॅडमनी नाही म्हटलं नाही. फक्त एक अट घातली, दोघांनी आपापल्या घरी स्वतः सांगायचं, नंतर इथे येऊन कोणी भांडायला नको. काकांच्या मुलीने परदेशातून व्हिडिओ कॉलवर टाळ्याच वाजवल्या. काकूंचा मुलगा मिलिंद परळला राहतो. त्याने सगळं ऐकून घेतलं. "रविवारी येतो" म्हणाला आणि फोन ठेवला.

म्हणजे शनिवारी तो जांभळा गाऊन घेताना, खोली मिळणार की नाही हेच काकूंना माहीत नव्हतं. दुकानाबाहेर मी न राहवून विचारलं, "मिलिंद नाही म्हणाला तर?"

काकूंनी पिशवी छातीशी धरली. "वाईट वाटेल गं. एकुलता एक आहे माझा... पण मी मागे नाही फिरणार."

रविवारी त्यांनी मला धीराला म्हणून बोलावून घेतलं. दुसऱ्या मजल्यावरची रिकामी झालेली खोली... दोन भिंतींना दोन लोखंडी कॉट, मध्ये एक जड टेबल. वसंतकाका कडक इस्त्रीचा शर्ट घालून दाराशीच उभे. मिलिंद आला, कॉटच्या कडेला बसला. आईकडे नीट बघेना.

"आई, आमच्याकडून काही कमी पडलं का तुला?"

"नाही रे राजा. तुम्ही सगळं केलंत. पण हे मुलांनी द्यायचं नसतंच."

तो खाली मान घालून बसला. आता हा उठून जाणार, असं मला वाटायला लागलं... आणि त्याने एकदम मान वर केली.

"काका, तुम्ही घोरता का?"

काका गडबडले. "म्हणजे... थोडासा."

"थोडासा? अख्खा हॉल जागा असतो!" काकू म्हणाल्या.

"मग कठीण आहे. आमच्या गिरगावच्या जुन्या खोलीत बाबांच्या घोरण्यावरून रोज सकाळी भांडण व्हायचं हिचं."

"तेव्हा कान चांगले होते रे. आता मशीन काढून ठेवलं की मिरवणुकीतला ढोलही ऐकू येत नाही मला!"

मिलिंद हसायला लागला. हसता हसता त्याने डोळे पुसले. मग उठला, मधलं टेबल उचलून खिडकीखाली नेऊन ठेवलं आणि एक कॉट दुसरीच्या दिशेने ओढायला लागला. फरशीवर असा काही आवाज झाला की बाहेर माणसं जमली. काका लगबगीने दुसऱ्या टोकाला हात लावायला धावले.

दोन्ही कॉट जवळ आल्या तरी मध्ये फट राहत होती. मिलिंदने गुडघा टेकवून जोर लावला आणि ती बुजवली. "वर एकच डबल गादी टाकू. नाहीतर मध्येच रुतेल कोणीतरी. मी घेऊन येतो," म्हणाला... आईकडे न बघताच.

बाहेरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. काकू लाजल्या, खरंच लाजल्या! आणि इतके दिवस सगळ्यांसमोर अंतर राखून बसणाऱ्या वसंतकाकांनी सरळ त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

उतारवयात आपल्याला सांभाळणारं कोणी असलं की माणसं निश्चिंत होतात. पण आपण कोणाला तरी हवेहवेसे वाटतोय, हे सुख काही निराळंच... ते इतक्या जवळून बघू दिल्याबद्दल काकू, काका आणि मिलिंद, तुमचे मनापासून आभार.