कामठीचा बाजा आणि मामाच्या गळ्यातला हार

माझ्या जावयाचं लग्न माझ्या मेव्हण्याशी लागता लागता राहिलं, आणि त्याचा दोष सोनाळा गाव अजून मलाच देतं.

आता लग्न म्हटलं की काहीतरी इकडचं तिकडं व्हायचंच. कुणाचा मांडव उडतो, कुणाचं वरण करपतं, कुणाचा नवरदेव रुसून चिंचेखाली जाऊन बसतो. पण नवरदेवानं नवरीच्या मामाला हार घातला, असं सातपुड्याच्या पायथ्याला दुसरं उदाहरण नाही. (जळगावच्या बाजूला एक झालं म्हणतात, पण तिथला नवरदेव प्यालेला होता. आमचा पूर्ण शुद्धीत होता.)

या सगळ्याच्या मुळाशी माझा छंद. कुणी कोंबडे झुंजवतं, कुणी भाऊबंदांशी कोर्टात भांडतं. मी जुने पितळी बाजे जमवायचो. पलटणीतले बिगूल, लग्नाच्या बँडातले कारनेट, ट्रम्पेट, कुठल्याशा देवळातला वाकडा कर्णा. बैठकीच्या भिंतीला खुंट्या मारून सगळे ओळीनं टांगलेले असत. त्या वेळी आमचा वऱ्हाड कागदावर निजामाचा, कारभाराला इंग्रजाचा आणि कचेरीला नागपूरचा होता. आमच्या घराची व्यवस्थाही तशीच होती: कागदावर माझं, कारभाराला बायकोचं, आणि जागेला बाज्यांचं.

लोक विचारायचे, "आबाराव, ह्या फुटक्या पितळेत काय ठेवलं हाय?" त्यांना काय सांगणार! नवा बाजा नुसता चमकतो. जुन्याच्या अंगात वाजवणाऱ्यांचे श्वास मुरलेले असतात, लोणच्यासारखे. कोणती कळ जास्त झिजली यावरून मागच्या धन्याची आवडती धून ओळखावी, पोच्यावरून त्याचा स्वभाव ओळखावा. माझा सगळ्यांत लाडका होता कामठीचा कारनेट. कामठीच्या छावणीतून मोडीत निघालेला, कडेवर मुकुट कोरलेला, तीन कळांपैकी एक अडकणारी, आणि पोटाला खोल पोचा. तो पोचा लढाईत पडला, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. विकणाऱ्याच्या हातून पडला असेल, असं बायकोनं सांगितलं.

हा कारनेट हातात घेऊन फुंकला की आधी नुसती हवा जायची. मग पितळ हळूहळू ऊब धरायचं, आणि एकाएकी आतून असा भरदार, मऊ आवाज यायचा की माझ्या अंगावर काटा उभा राहायचा. शेजाऱ्यांच्याही राहायचा, पण त्याचं कारण वेगळं होतं. मला सूर एकच यायचा. तो कोणता, हे ठरवायला कुणी थांबलं नाही. म्हैस मात्र त्या वेळेला दूध चोरायची.

बायकोनं एका बिगुलाचं नरसाळं केलं होतं. घासलेट त्यातूनच ओतायची आणि म्हणायची, "चला, एक तरी कामाचा निंगाला." एका दिवाळीला मी बाहेरगावी गेलो असताना तिनं सगळे बाजे चिंच लावून लख्ख घासले. जुन्या पितळेवरचा तो मधासारखा रंग गेला, आणि मी त्या दिवशी जेवलो नाही. तिनंही आग्रह केला नाही.

अशात आमच्या शांताचं लग्न ठरलं. स्थळ रोहिणखेडचं. मुलगा गुणी, घर खाऊनपिऊन सुखी. इवाई, म्हणजे मुलाचे वडील दौलतराव, मात्र मुहूर्ताच्या बाबतीत भलते कडक. त्यांच्या थोरल्याचं लग्न मुहूर्त टळून लागलं होतं, आणि म्हणूनच थोरली सून आपल्याला उलट बोलते, असा त्यांचा पक्का समज होता. इहीणबाईंना, म्हणजे मुलाच्या आईला, मुहूर्ताचं काही नव्हतं. त्यांचं एकच म्हणणं.

"आंदणात घंगाळ नाई? पोरीनं का गडव्यानं पाणी तापवाव?"

बायकोनं बैठकीच्या भिंतीकडं पाहिलं.

"तिकडं काऊन पाहून राह्यली?" मी विचारलं.

"पाहून राह्यली का एवढ्या पितळेत तांबट केवढं घंगाळ करून देईन."

दोन दिवस घरात याच विषयावर जेवणं झाली. मी कामठीच्या पलटणीची शान सांगितली, बायकोनं रोहिणखेडच्या इहिणीचं तोंड सांगितलं. शेवटी तिनंच तोड काढली.

"आयका. लग्नात तुमी यातला एक बी बाजा वाजवला, तं दुसऱ्या दिवशी सगळे तांबटाच्या भट्टीत. पोरीले घंगाळ होईन अन् घराले भिंत दिसंन."

"अन् नाई वाजवला तं?"

"तं जन्मभर फुंका. मी कानात बोळे घालीन."

मी शांताच्या डोक्यावर हात ठेवून कबूल झालो. एका दिवसाचा तर प्रश्न होता. बैल नांगराला खांदा देतो, मग मला दिवसभर तोंड मिटून बसता येणार नाही?

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं समजायचं नाही. मंगलाष्टकं चालू असताना भटजी काय म्हणतात ते पहिल्या रांगेपलीकडं कुणालाही ऐकू येत नाही. पोरं रडत असतात, बायका बोलत असतात, मागं पंगतीची पातेली आदळत असतात. म्हणून बँडातला कारनेटवाला मांडवाच्या दाराशी उभा राहतो. भटजींचं शेवटचं 'सावधान' झालं की तो एक लांब सूर काढतो. त्या सुरावर रस्त्यावरचा बँड उठतो, त्यावर सगळा मांडव रंगवलेल्या ज्वारीच्या अक्षता उधळतो, अंतरपाट सुटतो आणि हार पडतात. थोडक्यात, लग्न भटजी लावत नाही, बाजा लावतो.

लग्न गोरज मुहूर्ताचं होतं. गायी घरी यायच्या वेळेला अक्षता. वऱ्हाड दुपारीच छकड्यांनी येऊन पोचलं. पाठोपाठ बँडवाले आले, आणि त्यांचा उस्ताद रडवेलं तोंड करून माझ्यासमोर उभा राहिला. त्याच्या हातात भाकरीसारखं चपटं काहीतरी होतं.

"मालक, कारनेट गाडीखाली आला. वरून चाक गेलं."

"मग आता?"

"तुमच्या घरी बाजे हायेत म्हणते. एक द्या. माही इज्जत तुमच्या हातात हाय."

माझ्या मनात काय झालं ते एखाद्या बाजेवाल्यालाच समजेल. माझा कामठीचा कारनेट, माझ्याच मुलीच्या लग्नात, पाचशे माणसांसमोर! अट काय होती? मी वाजवायचा नाही. वाजवणार उस्ताद. अर्जनवीसाच्या ओट्यावर बसून बसून एवढा कायदा मला कळत होता. मी गुपचूप कारनेट खुंटीवरून काढला, धोतराच्या सोग्यात झाकला आणि मागच्या गोठ्यात गेलो.

गोठ्यात कशाला? तर जुना बाजा थंडा असला की बेसूर बोलतो. त्याला आधी श्वासाची ऊब द्यावी लागते. (ती उस्तादालाही देता आली असती. पण पोरगी सासरी जाताना शेवटचा घास आईनंच भरवायचा असतो.) मी उस्तादाला सांगितलं, "तुम्ही मांडवाच्या दाराशी थांबा, मी गरम करून आणतो." आणि ओठ सैल सोडून कारनेटमध्ये नुसती हवा सोडत बसलो. आवाज अजिबात नाही. नियमाचं उल्लंघन अजिबात नाही.

तिकडं मांडवात नवरदेव पाटावर उभा होता. त्याच्या कपाळाला असं भरगच्च बाशिंग बांधलं होतं, की त्याला स्वतःच्या पायापलीकडं काही दिसत नव्हतं. दौलतरावांनी त्याला सकाळपासून बजावलं होतं, "बाजा वाजला का हार टाकजो. पापणी लवायच्या आत." शांता अजून घरातच होती. तिचा मामा, म्हणजे माझा मेव्हणा गुलाबराव, तिला आणायच्या आधी जागा पाहायला म्हणून मांडवात आला होता. नवा फेटा, पिळदार मिशा, हातात नवरीचा हार. अंतरपाटाच्या अलीकडं, नवरीच्या जागी उभा राहून तो बायकांना समजावत होता, "पोरगी इथं उभी राहीन. अशी. मान खाली." आणि तशी मान खाली घालून दाखवत होता. भटजी वेळ जावा म्हणून पहिलंच मंगलाष्टक लांबवत होते.

आणि इकडं गोठ्यात माझ्या पाठीमागं आवाज झाला.

"काय करून राह्यले तुमी इथं?"

बायको होती. मला शोधायला आली होती. माझ्या छातीत श्वास भरलेला होता, ओठांना कारनेट होता. माणूस दचकला की काय करतो? ओठ आवळतो. मी आवळले, आणि भरलेला श्वास सगळाच्या सगळा बाहेर गेला.

काय सूर होता तो! आयुष्यात असा पहिल्यांदा निघाला. गोल, मोठा, कुठं चरा नाही. मला त्या क्षणी आनंद झाला, हे खोटं कशाला बोलू. गावाबाहेर गुराख्यांनाही ऐकू गेला म्हणतात.

रस्त्यावरच्या बँडानं तो ऐकला आणि ढोल उठले. मांडवानं ढोल ऐकले आणि पाचशे मुठी ज्वारी हवेत गेली. अंतरपाट धरणाऱ्या दोघांनी तो सोडून दिला. बापाच्या आज्ञेत असलेल्या नवरदेवानं पापणी लवायच्या आत हार टाकला, तो गुलाबरावाच्या खाली घातलेल्या मानेत बरोबर पडला. आणि गुलाबराव! समोरच्यानं आपल्याला हार घातला तर आपणही त्याला घालावा, एवढी रीत त्याला माहीत होती. हातात हार होताच. त्यानं घातला. भटजी अजून पहिल्याच अष्टकात होते. पंगतीकडून कुणीतरी ओरडलं, "लागलं, लागलं! पानं मांडा!"

मी गोठ्यातून धावत आलो तेव्हा दौलतराव उभे राहिले होते.

"गाड्या जुपा रे!"

"इवाई, जरा आयका—"

"काय आयकू? आमी आमचं पोरगं तुमच्या साळ्याले देलं नाई! गायी आल्या नाई, नवरी आली नाई, अन् अक्षता पडून गेल्या. एका सुनंनं काय कमी आयकवलं मले?"

तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्या हाताकडं गेलं. सगळ्या मांडवाचंच गेलं. कारनेट अजून माझ्या हातात होता. घराच्या दारात शांता उभी होती, पिवळं नेसलेली, डोळे काठोकाठ भरलेले. ती रडतही नव्हती, नुसती माझ्याकडं पाहत होती. त्या वेळी कुणी म्हटलं असतं, की सगळे बाजे विहिरीत टाक आणि मागोमाग तूही उडी घे, तर मी फक्त आधी कोण एवढंच विचारलं असतं.

बायको मागून आली. तिनं माझ्या हातातून कारनेट काढून घेतला आणि सरळ इहीणबाईंच्या पुढ्यात ठेवला.

"घंगाळ मांगतलं होतं ना तुमी? हे त्याचं पितळ. घरात असेच आणखी भिंतभर हायेत. सगळे तांबटाकडं जातीन."

"मी नाही वाजवला," मी हळूच म्हणालो. "तू दचकवलं म्हून—"

"फुंकला कोणं?"

इहीणबाईंनी कारनेट उचलला, हातात तोलला, बोटानं टिचकी मारून आवाज ऐकला.

"जाड हाय," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडं वळल्या. "बसा बरं खाली. मुहूर्त का पळून गेला? गायी यायच्या हायेत अजून."

"अवं पण अक्षता पडल्या ना!"

"पडल्या तं पडल्या. पेरलं अन् नाई उगवलं तं दुबार पेरत नाई का तुमी?"

दौलतराव शेतकरी माणूस. ते बसले.

मग आम्ही दुबार पेरणी केली. कोठीतून ज्वारी काढली, रंगवायला वेळ नव्हता म्हणून पांढरीच वाटली. गुलाबरावाच्या गळ्यातला हार काढून घेतला (तो सहजासहजी देईना; त्याला जन्मात पहिल्यांदा कुणी हार घातला होता). गायींच्या घंटा वाजल्या, भटजींनी पुन्हा सुरुवात केली, आणि शेवटच्या 'सावधान'ला बायकोनं मांडवाच्या दारात उभं राहून थाळी वाजवली. शांतानं हार घातला तो योग्य माणसालाच. मी तीनदा खात्री करून घेतली.

दुसऱ्या दिवशी बाजे गाडीत भरले. कामठीचा सगळ्यांत वर होता. नरसाळं तेवढं वाचलं, कारण ते कामाचं होतं.

दिवाळीला शांताला आणायला मी रोहिणखेडला गेलो. पोरगी सुखात होती. गालावर तेज आलं होतं. सकाळी इहीणबाईंनी मुद्दाम नवं घंगाळ काढून माझ्या आंघोळीचं पाणी भरलं. मोठं, सुबक, मधासारख्या रंगाचं. पाणी संपत आलं तसं मी कडेवर नखानं वाजवून पाहिलं, आणि माझ्या काळजाचं पाणी झालं. तोच आवाज. भरदार, मऊ. कामठीचा त्यात कुठंतरी होता, मी शपथेवर सांगतो. आजूबाजूला पाहिलं. न्हाणीला आडोशाला तुराट्यांचा ताट्या लावलेला, कुणी नाही. मी वाकलो, ओठ आवळून कडेला लावले आणि फुंकलं.

बाजा असता तर सूर निघाला असता. घंगाळ होतं, वळूनं शिंग अडकवून हंबरडा फोडावा तसा घूं निघाला. ओसरीवर दौलतरावांची दाढी करणारा न्हावी जागच्या जागी थांबला. आतून शांताचा आवाज आला, "माय वं, बाबा!"

ताट्याच्या पलीकडं इहीणबाई ज्वारी पाखडत बसल्या होत्या. सुपाचा आवाज बंद झाला. मग ताट्यावरून एक हात वर आला, आणि मूठभर ज्वारी माझ्या ओल्या डोक्यावर पडली.

"लागलं लगन, इवाई," त्या म्हणाल्या. "घंगाळाले हार घालाव लागन का आता, का धोतर नेसून बाहीर येता?"