बंदूक शिकवणारा नागपूरकर

ग्वेल्फला बंदुकीच्या लायसन्सचा कोर्स घेणारा हा माणूस नागपूरकडचा. पिस्तूल आता कॅनडात नव्याने विकत मिळत नाही, म्हणून मी रायफलसाठी गेलो. वर्गातली बंदूक हातात घेऊन कोणी "रिकामी आहे" म्हणालं, की हा चिडायचा.

"सांगू नका काकाजी, उघडून पाहा नं!"

एकच बंदूक दहादा उघडायला लावायचा. मला कटकट वाटायची.

परीक्षेत नुसत्या खुणा करायच्या होत्या, पास झालो. मला इंग्रजी लिहिता येत नाही, म्हणून अर्ज तोच भरायला बसला.

"बंदूक कशाला पाहिजे?"

"शेतात कोल्हे येतात."

"शेत कोणाचं?"

मी उत्तराऐवजी पास झाल्याचा कागद त्याच्यापुढे सरकवला.

"घरी कोण असतं?"

"कोणी नाही. बायको गेली, दोन महिने झाले."

त्याने पेनाला टोपण लावलं. "कोल्ह्यासाठी नाही घेऊन राहिले तुम्ही काकाजी. स्वतःसाठी घेऊन राहिले."

मी त्याला आईवरून शिवी दिली. खरं होतं म्हणूनच दिली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली.

"अर्ज उन्हाळ्यात पाहू. रविवारी माझ्याकडे जेवायला या. घ्यायला येतो."

मी येणार नाही म्हणून ठणकावून सांगितलं. रविवारी अकराला त्याची गाडी दारात आली, तेव्हा मी दाढी करून, बूट घालून बसलो होतो.