हटवा दाबलं आन् मापं गेली

तो दिस मनातनं काय केल्या जात न्हाय. पोलीस साहेबांच्या आठवणी मी बी वाचल्यात, ते टेबलाच्या त्या अंगाला बसून लिवत्यात. मी ह्या अंगाला बसले व्हते, कडंवर लेक घेऊन, आन् तक्रार बी माझीच व्हती. शाळा आठवीपातुर झाली, तवा लिवताना चुकलं तर समजून घ्या. नाव कुनाचं लिवत न्हाय.

मी बारामतीजवळ पिंपळीत ब्लाऊज शिवती. नवरीच्या ब्लाऊजला पाठीवर, बाह्यांवर मण्यांचं आरी काम लागतं, ते मला येत न्हाय. ते इंदापूरची ताई करायची. नात्यातली न्हाय, पन ताईच म्हनायची. नवरा वारल्याला, एकटी ऱ्हाती, सुईचा हात असा की मनी जागचा हालायचा न्हाय. आधी मी मापाची वही पिशवीत घालून येष्टीनं तिच्याकडं जायची. अख्खा दिस जायचा. एकदा वहीच येष्टीत ऱ्हायली, आमी दोघी स्टँडवर बसून रडलो.

मग बचत गटात ट्रेनिंग झालं. क्लाऊड शिकवला. क्लाऊड म्हंजे ढग, आसं शिकवनाऱ्या बाई म्हनल्या, मी वर पत्र्याकडं बघितलं तर समद्या हसल्या. मला येवढंच कळलं, मी हितं माप टाकलं की ताईला तिकडं दिसतंय, येष्टी नगं आन् वही बी नगं. वही बंदच केली. माप घेता घेता फोनमधी भरायचं. खरं सांगते, धंदा वाढला. पणदऱ्याची, कऱ्हाटीची गिऱ्हाइकं आली, पुन्याला नोकरीला असल्याल्या पोरी तिकडनंच माप पाठवाय लागल्या. मी दुसरी मशीन घेतली. पन ते समदं ऱ्हातंय कुठं, ते काय मला कळलं न्हाय, आन् इचारायची लाज वाटली.

लग्नसराई व्हती. बारा नवऱ्यांचं काम हातात. एक दिस सकाळी कापड कापाय बसले, फोन उघडला, तर रिकामं. बारा जनींची मापं, गळ्याची खोली, बाह्या, डिझाईनी, कायच न्हाय. पांढरं पान. तीन लग्नं तर त्याच आठवड्यात, कापडं निम्मी ताईकडं, आता त्या घरांना काय सांगू?

सासूबाई दारात तांदूळ निवडत व्हत्या. त्या म्हनल्या, "तुजी ती इंदापूरवाली परवा बाजारात त्या नव्या ब्लाऊजवाल्या दुकानात बसल्याली बघितली म्या. च्या पीत व्हती मालकिनीसंगं."

"मग काय झालं आत्या?"

"मग काय झालं म्हनती! फुकाट च्या कोन पाजतंय गं? मापं दिली आसतील तुजी."

झालं. माझ्या डोक्यात तेच बसलं. ताईला एक फोन लावायचा व्हता. एकच. न्हाय लावला. आमचं हे दुधाच्या टेम्पोवर गेल्यालं, मी तशीच लेकीला उचलली आन् सासूबाईंना घेऊन ठाण्यात गेले.

ठाण्याची पायरी पयल्यांदाच चढले. साहेब वयस्कर, आता रिटायर झाल्यात. त्यांनी पानी दिलं आन् म्हनले, "बोल बाळा, काय चोरीला गेलं?"

"मापं."

"कसली मापं? धान्याची?"

"ब्लाऊजची, साहेब."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "कुठनं चोरीला गेली?"

"ढगातनं."

शेजारच्या टेबलावरचा हवालदार फिस्सकन हसला. "साहेब, घटनास्थळ काय लिहू? ढग? आणि ढग कुनाच्या हद्दीत येतो, बारामतीच्या का इंदापूरच्या?"

"गप रे," साहेब म्हनले, "बाई रडतीया." पन त्यांना बी कळंना झालं. ते सारखं माझा फोन उलटा सुलटा करून बघायचे, जनू काय मागनं भोक पडून गळालंय. मला वाटलं, ह्यांनाच उमजंना तर माझं काय व्हनार?

"संशय कुनावर हाय?"

मी सासूबाईंकडं बघितलं. सासूबाईंनी सांगून टाकलं.

दुपारी गाडी ताईच्या गल्लीत गेली. मी नव्हते, पन नंतर कळलं, बाया दारात, पोरं गाडीमागं, आन् ताई आरीच्या चौकटीवरनं उठून तशीच आली, पदराला सुई टोचल्याली. ठाण्यात आली ती मला बघून हसली. हसली! म्हनली, "आगं, तू बी हितं? बरं झालं. मापं कुठं गेली गं? माझ्या बी फोनवर न्हाइत. म्या तुला फोन लावनारच व्हते, पन म्हनलं कामात आसशील."

मी खाली बघितलं. तवा तिला कळलं की तिला कुनी बोलावलंय ते.

साहेबांनी तिला बसवलं. "बाजारातल्या त्या दुकानात काय करत होतीस?"

"मनी घ्याय गेल्ते. हिच्याच नवऱ्यांच्या ब्लाऊजसाठी. सोनेरी मनी तिथंच चांगला मिळतो, साहेब."

"चहा का पाजला तिनं?"

"आवं, च्या पाजला म्हून आता गुन्हा का?" ताई म्हनली. "मग निम्मं इंदापूर आत घ्यावं लागंल तुमाला."

हवालदार परत हसला. साहेब न्हाय हसले. ते तिच्याकडं बघतच ऱ्हायले. मला नंतर म्हनले, खोटं बोलनारा मानूस आधी आपली कापडं नीट करतो, हिनं पदराची सुई बी काढली न्हवती.

मग त्यांनी लेडीज कॉन्स्टेबल म्याडमला बोलावलं, तरनी पोरगी, कॉम्प्युटर येनारी. तिनं माझा फोन घेतला, माझा पासवर्ड इचारला, लॅपटॉपवर कायतरी उघडलं. तिथं म्हनं कोनी कवा काय केलं त्याची यादी आसती. ती मला कधी दिसली न्हवती. म्याडम वाचत गेली आन् थांबली.

"मापं काढून टाकणाऱ्याचं नाव हितं आहे."

"कुनाचं?" मी उठलेच.

"तुमचं."

"म्हंजे हिनं माझं नाव वापरलं!" मी वरडले. लेक दचकून रडाय लागली. ताईनं हात पुढं केलं आन् लेकीला घेतलं. लेक बी गप झाली, ताई कापडं न्याय यायची तवा तिलाच घेऊन बसायची.

म्याडम म्हनली, "वहिनी, शांत व्हा. काल दुपारी फोनवर काय करत होता?"

"काय न्हाय. लेक पयल्यांदा भिताडाला धरून हुबी ऱ्हायली, व्हिडिओ काढाय गेले, तर फोन म्हनला जागा न्हाय. मराठीत लिवून आलं व्हतं, हटवा. मग मी मापं हटवली."

"हटवली?"

"व्हय. जरा बाजूला सरकवली, लेकीला जागा व्हावी म्हून. ती ढगात हाइतच की."

म्याडमनं साहेबांकडं बघितलं.

"बाई," साहेब हळू म्हनले, "तुमच्याकडं हटव म्हंजे काय?"

"म्हस हटव म्हंजे म्हस बाजूला घे. खाट हटव म्हंजे खाट सरकव. दुसरं काय?"

म्याडमनं डोळं मिटून घेतलं. म्हनली, "फोनमध्ये हटवा म्हणजे काढून टाका. इथनं काढलं की ढगातनंही जातं, यांच्या फोनवरनंही जातं."

मला अजून बी नीट समजत न्हाय. ढग वेगळा आन् फोन वेगळा, तर हितनं गेल्यावर तितनं कसं जातं? पन त्या घडीला येवढं समजलं की चोर कोन न्हवताच. मीच.

म्याडमनं कचरापेटी का काय ती उघडली, दोन ठिकानी दाबलं, आन् बाराच्या बारा नवऱ्या परत आल्या. समदी मापं जशीच्या तशी. मला रडू आवरंना. साहेबांनी कागद पुढं सारला, गैरसमजातनं तक्रार दिली, मागं घेते, मी सही केली. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. साहेब म्हनले, "माझ्या नोकरीत मी एक बघितलं. पोलिसांनी मानसाला नेल्यालं समदी बघत्यात. सोडल्यालं कुनी बघत न्हाय."

मी ताईच्या पाया पडाय वाकले. ती मागं सरली. लेकीला माझ्याकडं दिली आन् म्हनली, "माझी माफी काय मागतीस? मला ठावं हाय मी चोर न्हाय. गल्लीला सांग जा."

बाराच्या बारा ब्लाऊज तिनं वेळेवर करून पाठवली. येकाचा बी मनी हालला न्हाय. पन पार्सलमधी चिठ्ठी न्हाय, फोन न्हाय.

लगीनसराई सरली तशी मी येष्टीनं इंदापूरला गेले, लेक कडंवर, आन् त्या गल्लीत घरोघर फिरले. पयल्या दाराची कडी वाजवली. मग म्हनत गेले, ताईनं चोरी केली न्हाय, चोरी झालीच न्हाय, चूक माझी. कुनी पानी दिलं, कुनी दार लावलं. शेवटच्या घरात एक आज्जी व्हत्या. त्यांनी समदं ऐकलं.

"मग पोलीस कशाला आलं व्हतं?"

"मी पाठवलं व्हतं, आज्जी."

"आगं, त्या दिशी तर बाजाराची मानसं उभी व्हती हितं. पार स्टँडपातुर गेली ती बातमी. तू आज किती दारं केली?"

"सतरा."

"सतरानं काय व्हतंय?"

म्हून हे लिवतीया. तुमी कुठनं वाचताय मला ठावं न्हाय, पन इंदापूरला कुनी तुमाला म्हनलं की आरीचं काम करनाऱ्या बाईला पोलिसांनी नेलं व्हतं, तर तेवढं सांगा. तिनं काय बी केलं न्हवतं.