बसमधला फ्रिज आणि अक्कलकोटचा मुक्काम

गाडीतच संसार थाटून फिरायला निघणारी तरुण मंडळी हल्ली मला विचारतात, "काकू, गाडीत घरचा फ्रिज चालतो का हो?" चालतो. पण आधी आमचं काय झालं ते वाचा.

सत्तरच्या दशकातला मे महिना. माझे यजमान सोलापूरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे, त्यामुळे आपल्याला न कळणारं यंत्र जगात नाही अशी त्यांची ठाम समजूत. त्यांनी भंगारात निघालेली छोटी बस घेतली. तिच्यात दोन बाकं, स्टोव्ह आणि आमच्या स्वयंपाकघरातला फ्रिज बसवला. बॅटरीवर तो चालावा म्हणून इन्व्हर्टरही स्वतःच जुळवला. बेत अक्कलकोट, गुलबर्गा, विजापूर असा होता. सोबत सासूबाई आणि त्यांच्या इन्सुलिनच्या बाटल्या.

"बाटल्या ओल्या मडक्यात ठेवू या," मी म्हटलं.

"मडक्यात? विसाव्या शतकात?" हे हसले.

सकाळी सातला निघालो. रस्ता अरुंद, समोरून ट्रक आला की निम्मी बस मातीत. वळसंगला चहाला थांबलो आणि फ्रिज उघडला, तर आत बाहेरइतकाच उकाडा. कॉम्प्रेसर घूं करायचा, बसमधला दिवा मंद व्हायचा, मग टक् आणि शांतता. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

ह्यांनी फ्रिज बंद करून बॅटरीला मीटर लावला. "बॅटरी ठणठणीत. फ्रिजच बिघडलाय."

"काल घरी तर चालत होता."

"तुला त्यातलं कळत नाही."

अक्कलकोटला पोचल्यावर मी मडकं घेतलं, सरबतवाल्याकडून बर्फ आणला. इन्सुलिन गोठलं तर वायाच, म्हणून बाटल्या फडक्यात गुंडाळून बर्फापासून लांब ठेवल्या. हे तोवर फ्रिजची पाठ उघडून स्क्रू पसरत बसले होते. खानावळीत कडक भाकरी आणि शेंगांची चटणी फार छान मिळाली. वाढणारी बाई कधी "जेवा की" म्हणायची, कधी तेच कानडीत "ऊटा माडरी". ह्यांना दोन्ही ऐकू आलं नाही.

दुपारी फ्रिज पुन्हा घूं करू लागला तेव्हा मी बाकाखालच्या वायरीला हात लावला. पुढच्या बॅटरीपासून मागच्या इन्व्हर्टरपर्यंत गेलेली ती वायर चटका बसावा इतकी तापली होती.

"उन्हानं तापली असेल," हे म्हणाले. बाकाखालचं ऊन!

मी उठले आणि बाजारात पंपाच्या मोटारींचं रिवाइंडिंग करणाऱ्या रशीदभाईंना त्यांच्या दुकानातून बोलावून आणलं.

"सायब, मीटर कवा लावला हुता? फ्रिज सुरू व्हताना?"

"फ्रिज बंद असताना," मी सांगितलं.

रशीदभाईंनी इन्व्हर्टरच्या तोंडाशी मीटर धरला. "भाभी, आता करा चालू." काटा बारा व्होल्टवरून नवाच्या खाली आला.

"बॅटरी चांगली हाय, फ्रिजबी चांगला हाय. वायर लई बारीक घातलीया, अन् लांब. सुरू व्हताना फ्रिज लई करंट वढतो. तो हितवर पोचायला नको?"

त्यांनी बॅटरी मागे इन्व्हर्टरशेजारी आणली, बोटाएवढी जाड केबल टाकली. कॉम्प्रेसर एका दमात सुरू झाला आणि चालत राहिला.

"मला ती शंका होतीच," हे म्हणाले. रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पक्कड पिशवीत टाकली. फ्रिज गार झाला तरी सासूबाईंनी दुसऱ्या दिवसापर्यंत बाटल्या मडक्यातून हलवू दिल्या नाहीत.

गुलबर्ग्यात ऊन फार, पहाटेच फिरा. विजापूरला गोलघुमटात ह्यांनी प्रतिध्वनीवर व्याख्यान दिलं आणि ते घुमटानं आम्हाला पुन्हा पुन्हा ऐकवलं. फ्रिज मात्र शेवटपर्यंत चालला.

घरी आल्यावर येईल त्या पाहुण्याला हे आपण दोष कसा शोधला ते फळ्यावर लिहिल्यासारखं समजावत. मी चहा देत असे. सासूबाई ऐकून घेत. त्यांनी कधी कुणाचं कौतुक केल्याचं मला आठवत नाही.

त्या पावसाळ्यात एका संध्याकाळी घरातला फ्यूज उडाला. हे खुर्चीतून उठू लागले, तोच सासूबाईंनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "सूनबाई, तू बघ गं जरा. ह्याला बसू दे."