मामांचं गाजलेलं वाक्य

श्रावणातला दुसरा सोमवार. मामांसाठी भाड्याने आणलेली दवाखान्यातली कॉट परत करायची होती. दुकानाची माणसं सकाळीच येणार होती, म्हणून मी खाणावळीचे डबे लवकर रवाना केले आणि मामांच्या घरी गेले. कॉट जिन्यात अडकली, उभी करावी लागली, शेवटी निघाली. ती गेल्यावर खोली एकदम मोठी दिसायला लागली. तीन भिंतींना पुस्तकं आणि मध्ये नुसती फरशी. मामी दारातूनच म्हणाली, "आता इथे काय ठेवायचं?"

मामांना जाऊन महिना होऊन गेला. त्यांच्यासाठी शोकसभा झाल्या, पुरवण्यांतून लेख आले, आणि सगळीकडे त्यांचं एकच वाक्य सांगितलं गेलं. ते वाक्य ते बोलले तेव्हा मी तिथे होते. पुढे त्यांना त्याबद्दल काय वाटलं, तेही मला माहीत आहे. दुसरं कुणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते आहे.

मामा मूळचे नांदगावचे. कॉलेजसाठी नाशिकला आले, मराठीचे प्राध्यापक झाले, कथा लिहिल्या, समीक्षा लिहिली आणि चाळिशीनंतर मित्रांच्या आग्रहाने महापालिकेला उभे राहून दोनदा नगरसेवक झाले. हातात पेन्सिल असल्याशिवाय ते काही वाचत नसत. माझ्या लग्नाची पत्रिका छापायला जाण्याआधी त्यांनी तिच्यातली सगळी विशेषणं काढून टाकली. सासरच्यांना वाटलं, आम्ही कागद वाचवतोय. स्वतःच्या कथासंग्रहाचं परीक्षणही त्यांनी एका मासिकात स्वतःच लिहिलं आणि त्यात संग्रह बेताचा आहे असं सांगितलं. "चार प्रती खपल्या असत्या, त्याही घालवल्या," असं मामी चारचौघांत म्हणाली, तेव्हा मामांनी मान डोलावली. विधान बरोबर होतं ना.

नगरसेवक म्हणून त्यांना मनापासून एकच काम करायचं होतं. घरासमोर देऊळ आहे, देवळाला लागून महापालिकेचा मोकळा प्लॉट होता. तिथे अभ्यासिका बांधायची. सुरगाणा, पेठ, कळवणकडून मुलं-मुली स्पर्धा परीक्षांसाठी नाशिकला येतात, एकेका खोलीत पाच-सहा जण राहतात. तिथे झोपण्यापुरती जागा असते, वाचायला नसते. मामा स्वतः नांदगाव स्टेशनच्या बाकावर बसून मॅट्रिक झालेले, त्यांना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी वर्षभर खेटे घालून नकाशा करून घेतला, ठरावही तयार केला. तो महासभेत यायचा तेवढा राहिला होता.

नेमक्या त्याच वर्षी मामांच्या पक्षाच्या शहराध्यक्षांनी आपला कवितासंग्रह काढायचं ठरवलं. सगळे त्यांना साहेब म्हणत. साहेबांनी मामांकडे प्रस्तावना मागितली. आपल्याकडे प्रस्तावना मागायची, छापायची आणि वाचायची नाही, अशी रीत आहे. साहेबांच्या सहायकाने पानं पुरेशी आहेत, खाली नाव आहे, एवढं बघितलं आणि मजकूर प्रेसला दिला. मामांनी लिहिलं होतं, की कवीला माणसांविषयी आस्था आहे. पण ती त्याच्या कामात जशी दिसते तशी कवितेत उतरलेली नाही, आणि हा संग्रह त्याने आणखी काही वर्षं थांबवायला हवा होता. प्रकाशनाच्या दिवशी सभागृह भरलेलं. सूत्रसंचालकाची तयारी नव्हती, म्हणून त्याने प्रस्तावनाच वाचायला घेतली. आस्थेपर्यंत टाळ्या पडल्या. पुढचं वाक्य त्याने निम्मं वाचलं आणि थांबला... मागून कुणीतरी विचारलं, "पुढे?"

साहेब वाईट माणूस नव्हते. काही दिवसांनी ते मामांकडे चहाला आले, चहा मीच दिला. दुसरी आवृत्ती काढतोय, तेवढ्या दोन ओळी बघा, आणि तुमच्या अभ्यासिकेचा विषय पुढच्या महासभेत घेऊनच टाकू, असं त्यांनी अगदी सहज सांगितलं. धमकीचा सूर नव्हता. मामा म्हणाले, "साहेब, तुम्ही कविता बदला, मी प्रस्तावना बदलतो."

साहेब हसले, चहा संपवून गेले. ठराव पुढच्या महासभेत आला नाही, त्यानंतरही कधी आला नाही. मामांना पुन्हा तिकीट मिळालं नाही. प्लॉटवर आता व्यायामाची लोखंडी यंत्रं आहेत आणि त्यांवर शेजारच्या इमारतीतल्या गोधड्या वाळतात. मामांचं वाक्य मात्र गावभर झालं. प्रत्येक साहित्यिक कार्यक्रमात त्यांची ओळख त्याच वाक्याने करून द्यायचे. मामा तेव्हा खाली बघत असत. लोकांना तो विनय वाटायचा.

आषाढ लागला तेव्हा मी त्यांना शेवटची भेटले. कॉट खिडकीपाशी होती. समोर देवळाच्या पायऱ्यांवर मुली मांडीवर पुस्तकं घेऊन, डोक्यावर प्लास्टिक धरून बसल्या होत्या. माझ्याच खाणावळीतून डबा नेणाऱ्या, सुरगाण्याकडच्या. मामा बराच वेळ तिकडे बघत होते.

"शैला, त्या कविता कुणी वाचणारच नव्हतं गं," ते म्हणाले. "मग मी वाचवलं कुणाला?"

साहित्याला, असं तुम्हीच सांगायचात, मी म्हटलं.

"साहित्याला काय होतंय... दोन ओळी होत्या."

दुसऱ्या कुणी त्यांची समजूत घातली असती. मला ते जमत नाही, आणि त्यांनाही चाललं नसतं. मी डब्याचं झाकण लावता लावता म्हटलं, "मामा, चुकलंच तुमचं. अभ्यासिका आधी बांधून घ्यायची आणि तिसऱ्या आवृत्तीत पुन्हा खरं लिहायचं."

खोकला लागेपर्यंत हसले. मग म्हणाले, "समीक्षा बरी आहे. उशिरा आली."

कवितांबद्दल त्यांनी लिहिलं ते खरंच होतं, त्यातलं एक अक्षरही त्यांनी मागे घेतलं नसतं. पण त्या चहाच्या वेळी दिलेलं उत्तर त्यांना मागे घ्यायचं होतं. लोकांनी त्याचं इतकं कौतुक केलं, की ती सोयच राहिली नाही.

शोकसभेत कुणी चौकाला मामांचं नाव द्यावं म्हणालं, कुणी कमान सुचवली. सोमवारी कॉट गेल्यावर आम्ही दोघी त्या रिकाम्या खोलीत उभ्या राहिलो, आणि खिडकीतून पायऱ्यांवरच्या मुली दिसत होत्या. मी मामीला माझ्या मनातलं सांगितलं. तिने विचारलं, रोज? मी म्हटलं, रोज. बोलतील का? वाचतील, म्हटलं.

"मग बसू दे," मामी म्हणाली. "चपला बाहेर काढायच्या, आणि पुस्तकांना हात लावायचा तर धुऊन."

मंगळवारी सकाळी मी खाणावळीतलं एक लांब टेबल आणि दोन बाकं टेम्पोत घालून आणली. खोलीत तेवढंच मावलं. नवीन ट्यूब लावून घेतली आणि पायऱ्यांपाशी जाऊन मुलींना हाक मारली. आधी त्यांना खरं वाटेना. मग आल्या, दारात चपला काढल्या, एकमेकींना खेटून बसल्या. सहाजणी मावल्या. सातवी दारात थोडा वेळ उभी राहिली, मग चपला घालून पुन्हा देवळाच्या पायरीवर जाऊन बसली.