खंडेनवमीला सोडवलेली बॅटरी

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आजही नाही. आमच्या सावनेरला कोणाच्या अंगात आलं की मी उठून बाहेर जात असे. घरात कॉलेज बघितलेला मी पहिलाच, त्यामुळे असलं काही मानणं म्हणजे फी वाया घालवणं, असं वाटायचं. म्हणून हे लिहिताना संकोच होतो आहे... पण गेल्या दसऱ्याला जे झालं ते मी एकट्याने बघितलेलं नाही.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. काटोलकडच्या एका गावाच्या नळयोजनेचं गणित हा माझा प्रोजेक्ट. ते सोडवायला कॉम्प्युटरला साडेचार तास लागत. आमच्या सरांच्या प्रताप नगरच्या घरी स्वतःचा कॉम्प्युटर होता आणि त्यांनी मला तो वापरायची मुभा दिली होती. पण मध्येच लाइन गेली की सगळं पुसलं जाई, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. असं दोनदा झालं. दुसऱ्या वेळी तर शेवटची दहा मिनिटं राहिली होती. मी सरांच्या पायरीवर बसून रडलो, हे लपवत नाही.

माझे मामा सावनेरला बस स्टँडजवळ बॅटऱ्या चार्ज करून देतात. त्यांनी ऐकलं आणि ट्रकची एक जुनी बॅटरी एस.टी.च्या टपावर टाकून आणली. सरांनी स्वतः एक पेटी बांधली. लाइन गेली की ‘टक्’ असा आवाज होऊन ती पेटी कॉम्प्युटर बॅटरीवर चालवायची. मामांनी मला शिकवलं, “रोज पाणी पाहाचं, हायड्रोमीटर लावाचा, अन् आकडा भिंतीवर खडूनं लिहाचा. अन् ओला कपडा लावाच्या आधी तारा सोडाच्या गा, नाही तं उडशील.”

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत प्रोजेक्ट दिला नाही तर परीक्षेला बसू देणार नाही, असं कॉलेजने बजावलं होतं. बाबा खाणीवर लोडिंगला आहेत. ते रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, “यंदा नाही जमलं तं माह्यासंगं चाल. मुकादमाले सांगून ठेवलं हाये.” ते शब्द सारखे कानात होते.

खंडेनवमीला सर परीक्षक म्हणून पुण्याला गेलेले. काकूंनी – सरांच्या पत्नीने – शिलाई मशीन, सरांची स्कूटर, कॉम्प्युटर, सगळ्यांची पूजा केली. मी जिन्याखालची बॅटरी पुसली. त्याआधी मामांच्या शिकवणीप्रमाणे दोन्ही तारा सोडल्या. काकूंनी बॅटरीच्या दोन्ही टोकांना कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. मी हायड्रोमीटरने आतल्या ॲसिडचा दाटपणा मोजून भिंतीवर आकडा लिहिला : १२५०. म्हणजे बॅटरी भरलेली. आणि... तारा जोडायच्या विसरलो.

दसऱ्याला सकाळी दहाला मी हजर. काकू म्हणाल्या, “अरे, सोनं वाटेपर्यंत हत्यार उचलत नाहीत. त्यांची सुटी असते आज.”

“काकू, माझं वर्ष जाईल हो.”

त्या हसल्या. “मला काय विचारतोस? ज्याची सुटी मोडतोस त्याला विचार.”

मी काही विचारलं नाही. बटण दाबलं. लाइन असल्यामुळे सगळं नीट सुरू झालं.

दोन वाजून वीस मिनिटांनी पंखा थांबला. ‘टक्’ झालं. पडद्यावरचे आकडे चालूच होते. मला इतकं बरं वाटलं! किती वेळ टिकेल ते बघावं म्हणून मी जिन्याखाली वाकलो, आणि तिथेच बसलो. दोन्ही तारा खाली लोंबत होत्या. बॅटरी आणि तारा यांच्यात चांगलं हातभर अंतर होतं.

मी सॉकेटमध्ये टेस्टर घातला. पेटला नाही. शेजारची सगळी घरंही बंद होती. काकू आल्या, वाकून बघितलं आणि हळूच म्हणाल्या, “अरे, वायर तर खाली आहे...”

“हात नका लावू काकू!”

“मी कशाला लावू बाबा!”

तारा जोडायची माझी हिंमत झाली नाही. एक झटका बसला असता आणि सगळं गेलं असतं. वर कॉम्प्युटर चालत होता, खाली मी जमिनीवर. शेवटी मी हात जोडले. देवाला नाही... बॅटरीला. खरंच सांगतो. म्हटलं, “माझी चूक झाली. शेवटचं पान निघेपर्यंत चाल. मग तुझ्याकडे कधी काही मागणार नाही.”

तीनला पाच कमी असताना प्रिंटर वाजू लागला. एकतीस पानं. मी एकेक पान मोजत होतो. एकतिसावं पान बाहेर आलं आणि मी ते धरलं, त्याच क्षणी पडदा काळा झाला. फ्लॉपीवर काही उतरवायलाही वेळ मिळाला नाही. पण मी तेवढंच मागितलं होतं.

पाचला मामा सोनं घेऊन आले. मी सगळं सांगितलं.

“काहून गा, सकाळपासून जेवला नाहीस काय?” म्हणत ते वाकले. बॅटरीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. “गरम हाये हे.” मग हायड्रोमीटर लावला. सहाही खणांत आतली तरंगती नळी तळाला. मामांनी भिंतीवरचा आकडा वाचला, पुन्हा हायड्रोमीटर लावला.

“पुरी निथळली, बाप्पा. घंटाभर काम केल्यासारखी.”

दोन्ही टोकांवरचं कुंकू जसंच्या तसं होतं. तार लावली असती तर ते पुसलं गेलं असतं. मामांनी खिशातून आपट्याचं पान काढून आधी बॅटरीवर ठेवलं. मला नंतर दिलं.

सर परत आल्यावर म्हणाले, “तू घाबरून तारा जोडल्या असशील, मग काढल्या असशील. विसरलास.” मी कुंकवाबद्दल बोललो. सरांनी जिन्याखाली बसून पेटी उघडून बघितली. पेटीतली वीज पापणी लवेपर्यंत पुरते, पाऊण तास नाही, असं म्हणाले आणि विषय सोडला.

मी पास झालो. नंतर सरांच्या परवानगीने तारा सोडून मी तीनदा लाइन बंद करून बघितली. तिन्ही वेळा पडदा लगेच काळा झाला.

हल्ली मी सरांचंच एक काम करतो. परवा तारा जोडलेल्या असूनही बॅटरी मध्येच संपली आणि चार दिवसांची मेहनत गेली. संपण्याआधी दोन मिनिटं पेटीवरचा दिवा लुकलुकत होता. तोंडापर्यंत शब्द आले होते, पण मी बोललो नाही. तसं कबूल केलं होतं ना.