बारदान्याची वजावट

हे आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि खरं सांगू? मला माझाच फार संताप येतो.

जळगावच्या एका डाळमिलमध्ये मी कॉम्प्युटरचं बघतो. मिलचं सॉफ्टवेअर मीच बनवलेलं. बनवलेलं कसलं — ठिगळं लावत लावत वाढवलेलं! मालक नाना रोज काहीतरी नवीन सांगायचे, "हे बी टाक त्यात," आणि मी टाकायचो. कुठं टाकलं, का टाकलं, लिहून ठेवायला वेळ होता कुणाला? आता बघा, तूर पोत्यांतून येते. काट्यावर वजन झालं की रिकाम्या पोत्यांचं, म्हणजे बारदान्याचं, वजन त्यातून वजा करावं लागतं. ही वजावट मी कुठं घुसवली होती माहितेय? पावती छापणाऱ्या भागात! तिचा तिथं काडीचा संबंध नाही. त्या दिवशी कंटाळा आला होता, बस.

मग वैशाली आली. मूळची धुळ्याची, पिंप्राळ्यात खोली घेऊन राहायची. नानांनी तिला काम दिलं — सॉफ्टवेअरमधले जुने झालेले भाग एकेक करून काढ, नवीन बसव. म्हणजे माझे भाग! वर मलाच म्हणाले, "तू हिला समजावून सांग." आयत्या बिळावर नागोबा, हेच आलं माझ्या मनात. पोरीची चूक काय होती? काही नाही. नीट काम करायची — तेच मला खुपायचं.

पावतीच्या भागाची पाळी आली तेव्हा ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "सर, यात पावती छापण्याशिवाय अजून काही होतं का?"

मला वजावट आठवली. लगेच आठवली — विसरलो होतो असं म्हणायची सोयच नाही. मी म्हणालो, "काही नाही. काढ बिनधास्त."

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं. मी वर तिच्यावरच खेकसलो — "एकदा सांगितलेलं कळत नाही का?"

काय हवं होतं मला? तिनं तोंडावर आपटावं. माझ्याशिवाय इथं पान हलत नाही, हे नानांना कळावं. इतकं साधं, आणि इतकं घाण.

नवीन भाग सुरू झाला आणि पोत्यांचं वजनही तूर म्हणून जमा व्हायला लागलं. मी रोज स्क्रीनवर बघत होतो — आणि मूग गिळून बसलो होतो. नानांनी तोच साठा बघून अमळनेरच्या व्यापाऱ्याला डाळ कबूल केली. भरडायला घेतली, तर गोदामात तूरच कमी! "बठ्ठा माल कथा गया?" — सगळा माल गेला कुठं, म्हणून हमालांसमोर, ट्रक ड्रायव्हरांसमोर नाना तिच्यावर ओरडले. ती एवढंच म्हणाली, "मी सरांना विचारलं होतं." नाना माझ्याकडे वळले. आणि मी — "मला नाही आठवत."

दुरुस्ती तरी कितीशी होती? तिनं जुना भाग पुसलाच नव्हता. काही अडलं तर असावा म्हणून नुसता बंद करून ठेवला होता. मी तो चालू केला, साठा सुधारला, आणि नानांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. चहा मागवला. तो चहा मी प्यायलो हो! वैशालीनं त्याच आठवड्यात काम सोडलं. जा असं कोणी म्हणालं नाही तिला, पण तिच्याशी कोणी धड बोलतही नव्हतं.

निदान इथं तरी थांबायचं ना? काही महिन्यांनी धुळ्याच्या एका कंपनीतून मिलमध्ये फोन आला. वैशालीला घ्यायचं त्यांच्या मनात होतं, मुलगी कशी आहे म्हणून विचारत होते. नानांनी फोन माझ्या हातात दिला. "तूच सांग, तुला ठाऊक." नाना समोर बसलेले. एका वाक्याचं काम होतं — पोरीनं मला विचारलं होतं, मी खोटं बोललो.

मी म्हणालो, "हुशार आहे. फक्त कोणाला विचारून करत नाही."

त्यांनी तिला घेतलं नाही.